लग्नसराई संपू दे

विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर,
आरवाडे मॅडमनी आधी दात पाहिलेच नाहीत.
विचारलं, का आलात?
म्हटलं, वरचे पुढं आलेत, दिसतंय की.
त्या म्हणाल्या, ते मला दिसतंय. तुम्ही का आलात?

आता काय सांगणार.
बहीण म्हणाली, पोराचं बघा वेळेवर.
शाळेतल्या तपासणीची चिठ्ठी आली.
बायको म्हणाली, तेरावं लागलंय, अजून किती थांबायचं,
आणि मेव्हण्याच्या मते हे सगळं पैसेवाल्यांचं खूळ,
आपल्या आज्याचे असेच होते, जन्मभर ऊस सोलून खाल्ला.
मी या सगळ्यांच्या वतीनं
विट्याहून पहाटेची एसटी धरून आलो होतो.

प्रज्योत खुर्चीत आडवा, दिव्याखाली.
फडताळात प्लास्टरचे जबडे ओळीनं,
प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव.
मॅडमनी त्याला चावायला लावलं, गिळायला लावलं,
नाकानं श्वास घेतोस का विचारलं.
मग म्हणाल्या, जबडा वाढतोय तोवर काम सोपं.
नंतरही होतं. चाळिशीतही होतं
(हे माझ्या तोंडाकडं बघून),
पण हाडाला तोवर सवय झालेली असते.
घाई नाही. फार उशीरही नको.
दोन वर्षं. पंचेचाळीस हजार, हप्त्यानं.
आणि पुढं रोज रात्री प्लेट,
कारण दात जुनी जागा विसरत नाहीत.

मी हप्त्याचं विचारलं नाही.
विचारलं, हा कॉर्नेट वाजवतो, त्याचं काय?

ऐवळ्यांचा बँड म्हणजे चौदा माणसं, एक टेम्पो,
अन् पुढं हा. पाचवीपासून पुढंच.
वरात त्याच्या फुंकीवर थांबते.
मुखनळी ओठावर, ओठ दातांवर,
तो सूर त्या वाकड्या दातांतूनच येतो असं मला वाटतं.
माझ्या एका दाताचा टवका तिनंच नेलाय.
उद्या तिथं तार आली, ओठ आतून सोलला,
भर मांडवात सूर फाटला, तर?
मेअखेरपर्यंतच्या सुपाऱ्या घेऊन ठेवल्यात.

त्या म्हणाल्या, तारेवर लावायला मेण देते.
महिनाभर त्रास होईल. मग ओठ शिकतो.
पण हे त्याला विचारलंत का?

पोरगं छताकडं बघत होतं.

परतीला तासगावच्या स्टँडवर गाडी थांबली.
मी मोबाइलमधले बँडचे फोटो बघत बसलो.
फ्लेक्ससाठी एक निवडायचा होता,
पंचवीस वर्षं पुरी होतायत.
लेंगऱ्याची वरात. भिवघाटची.
सगळे दात काढून हसतायत, ढोलवाला तर डोळे मिटून.
प्रज्योतच्या तोंडाला कॉर्नेट.
पुढचा फोटो: पंगत बसलीय, पत्रावळ्या वाढल्यात,
अन् हा मांडी घालून, कॉर्नेट तोंडाला.
टेम्पोत, आडवातिडवा झोपलेल्या माणसांत,
कॉर्नेट तोंडाला.
मी मागं सरकवत गेलो. दोन वर्षं मागं.

मला वाटायचं, नाद आहे पोराला.

मोबाइल खिशात ठेवला.
कुठल्या तरी शेडवरून बेदाण्याचा वास येत होता.
मग तोच बोलला, खिडकीबाहेर बघत,
"लग्नसराई संपू दे, आप्पा. जूनमधी बसवू.
पर वाजवायचं सोडणार न्हाई, आधीच सांगतो."
अन् सावळज फाटा मागं पडल्यावर,
"मी विचारलंय मॅडमना. तुम्ही केसपेपरचं पैसं भरत हुता तवा."

घरी दारातच बायकोनं विचारलं, काय ठरलं?
मी त्याच्याकडं बघितलं.
तो सांगायला लागला,
तोंडावर हात धरून,
सवयीनं.